लिफ्टताईनं सोडलेली रांग

आमच्या युनियनच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर आहेत. साहेबलोक भंगारात काढत होते, मी भांडून आणले. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर वर्षभर लिफ्टताई प्रोग्रॅमिंग शिकत बसली. एकवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. गुडघा गेला आणि लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या शाफ्टमधल्या शिड्या चढणं बंद झालं. कंपनीच्या साहेबानं तोंडावर सांगितलं, "कंट्रोल रूममध्ये घेऊ, पण प्रोग्रॅमिंग येतं हे दाखवा. बॉटच्या स्पर्धेत पहिल्या आठात या. नाहीतर घरी बसा." तिनंच दुरुस्त केलेल्या लिफ्टनं रोज वर जाणारा माणूस तिची परीक्षा घेणार!

या स्पर्धेत माणसं खेळत नाहीत. आपण लिहिलेला प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, आपला आपण खेळतो. चौकटींच्या पटावर चार बॉट सोडतात. जास्त दाणे वेचील तो जिंकला. दोघे एकमेकांवर आदळले की दोघेही बाद. एकदा बॉट जमा केला की त्यातलं अक्षरही बदलता येत नाही.

"मग वहिनी, तुम्ही इथं करणार काय?" स्पर्धेच्या दिवशी लिफ्टताईसोबत हॉलवर आलेल्या तिच्या नणंदेनं विचारलं.

"घाम पुसणार."

"तो घरीही पुसता आला असता की!"

पहिल्या दोन डावांत आम्ही सपाटून मार खाल्ला. तिचा बॉट पट विंचरल्यासारखा फिरे, पण कडेच्या रांगेत पाऊल टाकेना. दाणे तिथं तसेच पडून. माझं डोकं फिरलं.

"कडेला का जात नाही हा?"

"सोडलीय ती रांग, मावशी. लिफ्टच्या वर आणि खाली मोकळी जागा सोडतातच की..." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! इथं कशाला सोडली मी?"

शाफ्टमध्ये ती मोकळी जागा म्हणजे आत काम करणाऱ्याचा जीव. सवय बोटांतून थेट बॉटमध्ये उतरली होती. कळलं सगळं, तरी मी ओरडलेच, "हा पट आहे! इथं कोण चिरडणार होतं?"

"हळू, मावशी," नणंद म्हणाली. "वहिनी माझी आहे. ओरडायचं तर मी ओरडेन."

तिसरा, शेवटचा डाव जिंकला तरच आठात. मधले दाणे संपले, तसे बाकीचे तिघे कडेच्या दाण्यांवर तुटून पडले. कोपऱ्यात दोघे समोरासमोर आले आणि धाडकन आदळले. दोघेही बाद! तिसरा मात्र कडेकडेनं भराभर वेचत सुटला. आमच्याहून पाच कमी, तीन कमी, एक कमी... आणि वेळ संपली.

आठवा नंबर.

लिफ्टताईनं सकाळपासून आखडलेला पाय हळूच सरळ केला. नणंदेनं तिच्या हातात रुमाल कोंबला. "पुसा आता घाम."

घाम पुसून ती मला म्हणाली, "मावशी, कंट्रोल रूम कितव्या मजल्यावर?"

"नवव्या. लिफ्ट आहे."

"माहितीय. मीच चालू ठेवलीय ती."