अक्काचा आरसा

सकाळी पाववाल्या पदेराकडून पोयी घेत होते, तेव्हा पार्सेहून फोन आला. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे धाकटे दीर, सदानंद. “तुझी अक्का गेली गो. देवाची मर्जी.” मी म्हटलं, “देवाक मदी घालू नकात,” आणि फोन ठेवला. दीड महिना झाला. राग तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

चाळिशीत मधुमेह निघाला तेव्हा अक्का रडत बसली नाही. भात ठरलेल्या वाटीनं, गोळी वेळेवर, संध्याकाळी काजूच्या बागेतून फेरी. चवथीला गोड नेवरी अर्धीच घ्यायची, पण ती इतकी चवीनं खायची की बघणाऱ्याला भूक लागावी. पुढे पायांना लागलेलं कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, रोज तळवे बघा. वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं माझ्याबरोबर येऊन डिचोलीच्या बाजारातून दांडीचा आरसा घेतला. दिवेलागणीला सोप्यावर बसून, पाय धुऊन-पुसून, बोटांच्या बेचक्यांसकट बघायची. म्हातारपणी मुखडा बघायची हौस आली म्हणून घरचे हसायचे. अक्का म्हणायची, “मुखडो बघूक तुमी आसात. पांय माकाच बघूक होये.”

एप्रिलात गावच्या उत्सवात प्रदक्षिणा होती. फरशी तापलेली, म्हणून अक्कानं जाड मोजे घातले होते. सदानंद चारचौघांत म्हणाले, “वयनी, मोजे काडा. लोक बघतत.” नवरा गेलेला, त्यांच्याच घरात राहायचं... तिनं काढले. संध्याकाळी आरशात फोड दिसले. दवाखान्यात न्या म्हणाली, तर गाडी पाहुण्यांच्या दिमतीला होती. चौथ्या दिवशी सवड झाली, तोवर बोटं काळी पडली होती. आधी पाय गेला, मग अक्का. मला एक फोन केला असता तर मी रिक्षा करून गेले असते. घरातलं बाहेर नको म्हणून तिनं केला नाही. त्याबद्दल मी तिलाही माफ केलेलं नाही.

बाराव्याला गेले ती सदानंदांना सुनावायलाच. जेवणं आटोपल्यावर तेच जवळ येऊन बसले. त्यांचीही साखर वाढली होती. हल्ली पायातली चप्पल निसटलेली कळत नाही म्हणाले. पाय कसे बघायचे, ते वहिनीला ठाऊक होतं... मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. तसंच उठून यावं, त्यांनाही चार दिवस थांबवावं, असं मनात आलं.

मग आत गेले, फळीवरचा आरसा आणला आणि त्यांच्या हातात दिला. तळवे कसे बघायचे ते सगळं नीट समजावलं. म्हटलं, “तुमी बेगीन गेलेले माका चलूचे नाय. बरीच वर्सां जगा, आनी रोज तिच्या आरशात बघा.”

आता रोज दिवेलागणीला मी पार्सेला फोन लावते. त्यांची बायको उचलते. बसले का, एवढंच मी विचारते. ती सांगते, सोप्यावर बसलेत, आरसा हातात आहे. मग मी माझ्या देवापुढे दिवा लावते.