चंद्राताईच्या दोनशे चौदा तपासण्या

माझं डोकं लवकर तापतं, हे घरचेही म्हणतात. पण चंद्राताईचं सांगायला बसलो की तापणार नाही तर काय होणार?

चंद्रावती चिंचणीची. आई सुके बोंबील विकायची. ही बारावीनंतर कॉम्प्युटरचा क्लास करून डहाणू रोडला आमच्या ऑफिसात लागली. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आसपासच्या कारखान्यांची जुनी सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. तारापूरकडच्या एका केमिकल कारखान्याचा वजनाचा प्रोग्राम एकोणीस वर्षं तिच्याकडे होता. ड्रम काट्यावर ठेवला की स्क्रीनवर वजन येतं, आणि ते बघून ऑपरेटर टाकीत किती ओतायचं ते ठरवतो. प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. विंडोजचा नवा अपडेट आला की चंद्राताई ऑफिसातला छोटा काटा जोडून दोन दिवस बसायची आणि हाताने दोनशे चौदा गोष्टी तपासायची. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. माझी तिच्यावर चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू.

मग आमच्या दिपेशशेठनी आपोआप तपासणारं टूल आणलं. चंद्राताईने महिनाभरात त्याला सगळं शिकवायचं आणि मग घरी बसायचं, असं त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं. आपल्या जागेवर बसणाऱ्याला आपणच शिकवायचं! तिने मान हलवली आणि कामाला लागली.

टूल नव्या प्रोग्रामांना ओळखायचं. या म्हाताऱ्या प्रोग्रामचं बटण कुठलं, आकडा कुठला, काही कळायचं नाही त्याला. अख्खी खिडकी म्हणजे एक चित्र. शेवटी तिने स्क्रीनवरची जागा मोजून दिली, इथे क्लिक कर, तिथे क्लिक कर. निकाल बरोबर आला का ते आधी काढून ठेवलेल्या स्क्रीनच्या फोटोशी ताडून बघायचं ठरलं. पण खिडकीत वर कोपऱ्यात घड्याळ. दर मिनिटाला फोटो वेगळा, दर तपासणी नापास. वैतागून शेठनी फोटो ताडायचंच बंद करायला लावलं. झालं! चाळीस मिनिटांत दोनशे चौदा हिरव्या खुणा. शेठनी पेढे आणले. मीही दोन खाल्ले.

शुक्रवारी अपडेट आला. चंद्राताईने हाताने तपासायला दोन दिवस मागितले, शेठनी दिले नाहीत. मग तिने मला टेबलापाशी बोलावलं. वजनाचा प्रोग्राम बंद केला आणि टूल चालू केलं. स्क्रीनवर फक्त डहाणूच्या महालक्ष्मीचा फोटो. माउसचा बाण देवीच्या मुकुटावर, साडीवर, कुठेही क्लिक करत फिरत होता. चाळीस मिनिटांनी सगळं हिरवं. मी कपाळाला हात लावला.

शेठना दाखवलं तर ते म्हणाले, कारखान्याला रिपोर्ट हवाय, रिपोर्ट आहे. चंद्राताईने रिपोर्टवर सही केली नाही. भांडलीही नाही. दमलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "मी बघितलेलं नाही, तर सही कशी करू?" तिने पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली. शेठनी कागद माझ्यापुढे सरकवला. तापट म्हणवतो मी स्वतःला. मुकाट्याने सही केली.

सोमवारी पावणेआठला कारखान्याच्या गेटवर चंद्राताई उभी होती. तिचा पास शेठनी रद्द करवला होता, वॉचमन आत सोडेना. तिने मला आदल्या दिवशीच फोन करून बोलावलं होतं. नजर वर करायची माझी हिंमत नव्हती.

"जतीन, तुझा पास चालतो," ती म्हणाली. "लाहूदादा आठला ओतायला घेतात. आधी हाताने बघ."

लाहूदादा तिथले ऑपरेटर, तलासरीकडचे, सेवानिवृत्तीला एक वर्ष उरलेलं. मी आत पळालो आणि त्यांना थांबवलं. पाण्याचा भरलेला ड्रम काट्यावर ठेवायला लावला. स्क्रीनवर बावन्न किलो. मग तो उतरवून रिकामा ठेवला. स्क्रीनवर बावन्न किलोच. तिसरा ठेवला, तरी बावन्न.

लाहूदादांनी आकडा पाहिला, मग टाकीकडे पाहिलं. हातातला व्हॉल्व्हचा पाना त्यांनी खाली ठेवला. टाकीत आधीच ॲसिड होतं. आठला याच आकड्यावर विसंबून ते त्यात ओतणार होते; जास्त पडलं असतं तर सगळं उसळून अंगावर आलं असतं.

"तपासलं होतं ना?" त्यांनी विचारलं. भिंतीवर रिपोर्ट लावलेला होता, दोनशे चौदा हिरव्या खुणांचा. ते जवळ गेले आणि चष्मा वर करून खालचं नाव वाचायला लागले. त्यांचं वाचून होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.