केरसुणीनं झाडलेला तारा

ऑफिसात तिला सगळे ‘केरसुणी’ म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणीकडून जी माहिती खाली यायची, तिच्यातला केरकचरा काढायचा. दुर्बीण किरणोत्साराच्या पट्ट्यातून गेली, तेवढा तुकडा बाद. मध्ये पृथ्वी आडवी आली, बाद. कुठे नोंदच नाही, नुसती फट, तीही बाद. बाई डोळ्यांत तेल घालून बसायची. तिनं साफ केलेल्या आलेखात कुसळ सापडेल तर शपथ.

घरीही तीच तऱ्हा. लेक शिकायला परगावी गेली होती. रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलीस का, झोपतेस का, अभ्यास कसा चाललाय, हिची नुसती सरबत्ती. हल्ली लेक मध्येच गप्प व्हायची. मग ही, “हॅलो, हॅलो... गेली वाटतं रेंज,” म्हणून फोन ठेवून मोकळी.

“रेंज चांगली आहे गं तिकडे,” नवरा एकदा म्हणाला.

“तुम्हाला काय कळतंय,” म्हणून तिनं त्याला उडवून लावलं. मनात मात्र खुटखुटत राहिलं. पोरगी बरी आहे ना, एवढंच तिला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच कळत नव्हतं.

त्या दिवसांत दुर्बीण एका मॅग्नेटारवर रोखलेली होती. मॅग्नेटार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गोळा. जेमतेम एखाद्या शहराएवढा, पण चुंबकशक्ती अशी की विचारू नका. एरवी आपला स्वतःभोवती गिरक्या घेत निमूट असतो आणि कधीतरी अचानक भडकतो. एक संशोधक मुलगी त्या भडक्याच्या हात धुवून मागे लागली होती. केरसुणीच्या आलेखात तारा मख्ख.

एका दुपारी ती मुलगी न झाडलेली मूळ माहिती घेऊन टेबलाशी आली.

“ताई, ही फट तुम्ही काढलीत?”

“काढली. रिकामी होती. काही आलंच नव्हतं.”

“आलं होतं. इतकं आलं की मोजणारं यंत्रच तुंबलं, म्हणून नोंद नाही. फटीच्या आधी बघा, रेघ कशी वर चढतेय. आणि नंतर बघा.”

केरसुणीनं चष्मा पुसला. फटीनंतरची रेघ हळूहळू उतरत होती, आणि उतरताना ठोके देत होती, ताऱ्याच्या प्रत्येक गिरकीला एक. सगळ्यात मोठा भडका तिनं स्वतःच्या हातानं केरात टाकला होता. ती ओशाळली.

“चुकलं माझं.”

“मीही आधी पाहिलं नव्हतंच की,” मुलगी म्हणाली. ती खुशीत होती, तिचा तारा बोलला होता. “आता फट दिसली की आधी दोन्ही कडा बघू.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. जेवले, म्हणाली. झोपते, म्हणाली. अभ्यासाचं विचारलं आणि गप्प.

“गेली रेंज” तोंडावर आलंच होतं, ते केरसुणीनं गिळलं. फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, अडखळत. हे आपण किती वेळा झाडून टाकलं असेल, देव जाणे.

“आहे मी,” ती म्हणाली. “बोलली नाहीस तरी चालेल. मी फोन ठेवत नाही.”

बराच वेळ काहीच आलं नाही. मग हुंदका फुटला, आणि त्याच्यामागून शब्द.

“रोज सांगायला जाते, आई, आणि तू फोन ठेवतेस.”