सरूबाईंची पापणी

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. औषधाच्या वासासारखे ते अंगाला चिकटूनच घरी येतात! पन्नासच्या दशकात मी चिंचवडच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. तिथले निम्मे किस्से एकट्या सरूबाईंचे.

चाकणजवळच्या खेड्यातल्या या बाई. खालच्या पापणीवरचा फोड दोन वर्षं बरा होत नव्हता. तपासणीत कॅन्सर निघाला. पुण्याहून येणारे आमचे सर्जन म्हणाले, "पापणी कापावी लागेल."

"डोळा ऱ्हाईल न्हवं?"

"राहील."

"मग घ्या की पापनी! ती कुठं बघती?"

*

डॉक्टरांनी हसू दाबून समजावलं. पापणीशिवाय डोळा सुकतो, म्हणून नवी करायची. वरच्या पापणीचा आतला थर खाली ओढून शिवायचा, त्यावर कानामागची कातडी लावायची. सहा आठवडे डोळा बंद!

"कानामागची? मग ऐकाय येईल का मला?"

नवरा भिकोबा पिंपरीच्या कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून सायकलवर आलेला. म्हणाला, "डॉक्टर, कानच घ्या! तसं बी माझं कुठं ऐकती?"

*

ऑपरेशन छान झालं. पण चौथ्या आठवड्यात भेटायला आलेली कुणी नातेवाईक कुजबुजली, "आतला डोळा गेलाय, म्हणून शिवलाय!"

सकाळी बघते तर सरूबाई गाठोडं घेऊन दारात. "फसवलं मला!" म्हणाल्या. मी त्यांना धरून ठेवलं.

तेवढ्यात पुण्याहून डॉक्टर आले, पण रागावले नाहीत. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं, चांगला डोळा हातानं झाकला आणि शिवलेल्या पापणीवर टॉर्च धरला.

"काय दिसतंय?"

सरूबाईंनी मान पुढं केली.

मग हळूच, "तांबडं... तांबडं हाय!"

"मग डोळा बी हाय!" डॉक्टर म्हणाले.

गाठोडं मीच सोडलं.

*

सहा आठवड्यांनी बधिर करायचं इंजेक्शन देऊन बारीक कात्रीनं पापण्या वेगळ्या केल्या. भिकोबा रजा टाकून आलेला, दाराशी ताठ उभा. सरूबाईंनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आवं, शिवला माझा डोळा, आन गळत्यात तुमचं?"

*

वर्षभरानं सरूबाई तपासणीला आल्या. दोन्ही डोळ्यांत काजळ! डॉक्टर ओरडले, "काजळ घालायचं नाही म्हटलं होतं ना?"

"येवढी झ्याक पापनी केली, आन नटायचं बी न्हाई व्हय?"

सोबत गावातली एक म्हातारी होती. नाकाशेजारी तिला तसलाच फोड. पण फाटकाशीच अडून बसली, आत यायलाच तयार नाही. सरूबाई परत फाटकाशी गेल्या, मी मागोमाग. त्या तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि तोंड पुढं केलं.

म्हातारीनं त्यांची हनुवटी धरली. उजेडाकडे वळवली. हा डोळा बघितला, तो बघितला, पुन्हा हा बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाई, ह्यातली नवी पापनी कंची?"