रॉकेलच्या रांगेतला सर्वसामान्य माणूस

चित्रकलेचं शिक्षण संपवून घरी आले तेव्हा माझी खात्री होती की ठाण्यातल्या लोकांना बघता येत नाही. डोळे आहेत, पण बघता येत नाही. ते शिकवायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं मी घरात दोन-तीनदा बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "आधी गवार निवड."

वडिलांनी बँकेच्या कारकुनी परीक्षेचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता. साल चौऱ्याऐंशी असेल किंवा पंच्याऐंशी. बँकेत चिकटलं की जन्माची ददात मिटली, असे ते दिवस. मी म्हटलं, कला दालनात कोंडायची नसते, रस्त्यावर आणायची असते. वडील म्हणाले, "आण की. रस्त्यावरच्या एका तरी माणसाला तुझी कला कळली, तर फॉर्म मी स्वतः फाडतो. नाहीतर सोमवारी मुकाट्याने भरायचा."

रस्ता शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर रेशनचं दुकान होतं. रॉकेल येणार असेल त्या दिवशी सकाळी सहापासून तिथे रांग लागायची, पण माणसांची नव्हे, वस्तूंची. फुटका मग, विटेचा तुकडा, बुडाला भोक पडलेला डबा. असा नंबर लावून बायका घरी स्वयंपाकाला जायच्या आणि दहाच्या सुमाराला कॅन घेऊन यायच्या. कोणाची वीट कोणी मागे सारत नसे. मला वाटलं, हेच आपलं दालन.

मी एक चांगला हातभर दगड घेतला आणि त्यावर ऑइल पेंटने चेहरा रंगवला. समोर कोणाला बसवलं नाही, मनातूनच काढला. आमचे सर ज्याला 'सर्वसामान्य माणूस' म्हणायचे, तो. बाई की पुरुष हेही मुद्दाम मोघम ठेवलं. आईला म्हटलं, आज नंबर मी लावते. ती इतकी खूश झाली की मला दुसऱ्यांदा चहा मिळाला. तिच्या नेहमीच्या मगाऐवजी मी दगड ठेवला आणि समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर वही घेऊन बसले, प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया टिपायला.

प्रतिक्रिया कसल्या! एक बाई आली, दगडाकडे बघितलं, मागे आपला डबा ठेवला आणि गेली. दुसरीने तेच केलं. कोणी शेंदूर फासेल अशी मला धास्ती होती, तर तेवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत. दहाला दुकान उघडलं. रांग पुढे सरकली की बाकीच्या विटा-डबे लोक पायाने ढकलत, माझा दगड मात्र वाकून, दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवत. मी वहीत लिहिलं, 'स्पर्शाचा अनुभव.' त्याखाली लिहिलं, 'प्रेक्षक उदासीन.' अकरा वाजले तेव्हा मला सोमवार दिसायला लागला. खरं सांगते, रडू येत होतं.

आईला त्या दिवशी यायला उशीर झाला आणि दगड तिच्या आधी दुकानाच्या दारात पोचला. दुकानदार ओरडला, "हा कोणाचा? बाजूला करा तो!"

मागे कोळीवाड्यातली एक म्हातारी उभी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांब रं! ती बाय येल आता. तोंड दिसत नाय का तुला?"

"कोणाचं तोंड?"

"अहो, त्या चाळीतल्या काकूंचं," तिच्या मागची म्हणाली. "सकाळपासून इथेच तर आहेत."

सगळी रांग हसली. मी ओट्यावरून उठून जवळ गेले आणि दगडाकडे नीट बघितलं. घट्ट मिटलेले ओठ. एक भुवई जरा वर, समोरचा पुढे कधी सरकतो याची वाट बघणारी. माझी आई. रॉकेलच्या रांगेत दर खेपेला उभी राहणारी माझी आई, आणि तिला लोकांनी पाय लागू दिला नव्हता.

तेवढ्यात ती धापा टाकत आलीच. "या, तुमचाच नंबर," म्हातारी म्हणाली. आईने दगड बघितला, माझ्याकडे बघितलं आणि आधी कॅन भरून घेतला.

घरी आल्यावर तिने दगड टेबलावर, त्या फॉर्मशेजारीच ठेवला. "नाक एवढं बसकं नाहीये हं माझं," ती म्हणाली. वडिलांनी हकीकत ऐकली, चष्मा लावून दगड खालून-वरून पाहिला आणि फॉर्मचे दोन तुकडे केले. मी नाचायचीच बाकी होते.

आईचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती पदराने दगडावरची धूळ पुसत होती.

"सगळ्यांनी ओळखलं मला?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी."

"त्या कोळणीनेसुद्धा? मी कधी बोललेली नाही गं तिच्याशी."

"तिनेच तर आधी ओळखलं."

ती दगडाकडे बघत राहिली. मी सोडून सगळ्यांनी, हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही.