एलादिओच्या धक्क्यावरचा डोळा

आमची बेटं पाराना नदीच्या मुखाशी. घरं खांबांवर उभी, कारण आग्नेयेचा वारा सुटला की नदी उलटी फिरून घरात शिरते. तो वारा सगळ्यात आधी लागतो एलादिओच्या धक्क्याला. म्हणून बायको गेली तरी त्याच्याकडे माणसांची ये-जा असायची. जो तो होडी थांबवून विचारायचा, "डॉन एलादिओ, पाणी चढतंय का?" तो आधी कडू माते, म्हणजे आमच्याकडचा पानांचा गरम काढा, पाजायचा, मग नदीकडे बघायचा, मग बोलायचा. उत्तराची घाई त्याला कधीच नसे.

मग बंगले बांधणारी एक कंपनी आली. तिने त्याच्या धक्क्यावर लोखंडी खांब रोवला आणि खांबाच्या आडव्या हाताला एक यंत्र टांगलं. खाली बघणारा डोळाच तो. पाणी किती जवळ आलं ते मोजायचा नि आकडा कंपनीला धाडायचा. फक्त कंपनीला. एलादिओ भडकला.

"धक्का माझा, पाणी नदीचं, आणि आकडा तुमच्या कुलपात? उचला तो खांब!"

साहेबांनी बरेच दिवस नाकं मुरडली, पण शेवटी आकडे सगळ्यांना मोकळे केले.

शाळेतल्या ग्रिसेलबाईंनी त्या आकड्यांवरून फोनवर इशारा बसवला. पाणी चढलं की फोन ओरडतो. लाँचवाला त्यावर फेऱ्या ठरवू लागला, वाणसामानाची होडीसुद्धा. त्या हिवाळ्यात कुणाचा फ्रीज बुडाला नाही. आणि एलादिओच्या धक्क्याला कुणाची होडी लागली नाही. विचारायचं काय उरलं होतं? लोक लांबूनच हात हलवायचे. तोही हलवायचा.

"तूच मागितलंस ना रे," मी एकदा जाता जाता होडीतूनच म्हटलं.

"मागायचंच होतं गं, ओफेलिया. पण मला आपलं वाटायचं, लोक मातेसाठी येतात."

एका दुपारी, पान हलत नव्हतं, आणि सगळ्यांचे फोन ओरडले. पाणी पुरुषभर चढलं म्हणे! लोकांनी गाद्या माळ्यावर टाकल्या, कोंबड्या झाडावर चढवल्या आणि काय झालं ते बघायला एलादिओकडे धावले. बघतात तर नदी ताटासारखी सपाट, आणि हा होडी त्या डोळ्याच्या बरोबर खाली बांधून आत उभा, जाळं शिवतोय. त्याचं टक्कल म्हणजेच पाणी, असं डोळ्याला वाटलेलं.

"अहो म्हातारबा, आमच्या कोंबड्या झाडावर आहेत!" लाँचवाला खेकसला.

"राहू देत हवेशीर. तू बस."

शिव्या घालत सगळे बसले. किटली पुन्हा पुन्हा भरली. अंधारून आलं तेव्हा कुठे उठले.

दुसऱ्या दिवशी ग्रिसेलबाईंनी इशारा दुरुस्त केला. एकदम उडी मारणारा आकडा आता गाळला जातो, कारण पाणी असं चढत नाही. खोट्या ओरडीला लोक सरावले असते, तर खरी कुणी ऐकली असती? एलादिओला सांगितलं, तर म्हणाला, "बरोबर केलं बाईंनी," आणि किटली एकट्यापुरती भरली.

पण गाळण्याआधीचे कच्चे आकडेही मोकळेच आहेत, ज्याला हवेत त्याला. मला अक्षरं धड लागत नाहीत, आकडे लागतात. बाईंकडून ते बघायला शिकून घेतलं. "तुम्हाला कशाला हो, आजी?" त्यांनी विचारलं. "असेच," म्हटलं.

बहुतेक दिवस नदी थोडी चढते, थोडी उतरते. एखाद्या दुपारी मात्र, वारा पडलेला असताना, आकडा एकदम पुरुषभर वर जातो आणि तिथेच थांबतो. कुणाचाच फोन ओरडत नाही.

मी शाल घेते आणि होडी सोडते.