मुंबईमार्गे नागपूर

जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये इंदुमतीचा निम्मा जन्म गेला, आणि माहेर म्हणजे दोन रात्रींचा प्रवास हे तिच्या हाडीमाशी मुरलं. नवरा उत्तम मालगाडीचा गार्ड. पास असताना तिकीट काढणं त्याला गुन्ह्यासारखं वाटे. पासावर बसेल ती गाडी धरायची, वाटेत बदलायची, आणि लेकरं-डबे सांभाळत नागपूर गाठायचं. तिची आई गिरिजाबाई अंतर तसंच मोजायची. जयपूर कुठे आलं असं कोणी विचारलं, की म्हणायची, "दोन रातीवर हाय माही लेक."

२००६ सालच्या एका रविवारी आईशी नेहमीचा फोन झाला. आई दवाखान्यात होती, पण आवाज ठणठणीत. "पोट दुखते थोडं. सुट्टी देतीन आता." मग भाऊ देवराम फोन घेऊन बाहेर आला आणि खरं काय ते बोलला. कॅन्सर सगळीकडे पसरला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि किती दिवस उरलेत तेही सांगितलं होतं.

"आईले आमी काही सांगतलं नाही," देवराम म्हणाला. "तू लवकर ये, पन सहज आल्यावानी ये."

वडील गेले तेव्हा इंदुमती पोचली ती सगळं उरकल्यावर. ते दुःख तिला अजून सलत होतं. तिने उत्तमला सांगून टाकलं, या खेपेला विमान.

उत्तमने भिंतीवरच्या नकाशाला फूटपट्टी लावली. "सरळ रेघ मारली तर सातशेच्या आसपास किलोमीटर. रस्त्यानं नऊशेच्या वर. अन् हे तुमचं विमान जाते मुंबईवरून! रस्त्यापेक्षाही लांब. हा कुठला द्राविडी प्राणायाम?"

मुलगी अक्षदा राजा पार्कमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होती. ती म्हणाली, "पप्पा, मतलब, किलोमीटर कशाला मोजता? मम्मी उद्या दुपारी आजीजवळ असेल."

 सकाळी उत्तमनेच इंदुमतीला स्कूटरवरून सांगानेरच्या विमानतळावर सोडलं आणि ती आत दिसेनाशी होईपर्यंत काचेबाहेर उभा राहिला. माणूस हट्टी खरा, पण मनाने वाईट नव्हता.

मुंबईला विमान बदलून इंदुमती नागपुरात उतरली आणि थेट दवाखान्यात गेली. जिन्यात तोंड धुतलं, पदर नीट केला, हसरा चेहरा केला. आई उशीला टेकून बसलेली पाहून तिचा जीव भांड्यात पडला. देवराम पायथ्याशी उभा होता.

"सहजच आली," इंदुमती म्हणाली. "लय दिवस झाले होते."

गिरिजाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"काल सांजच्याला तू जयपूरातून बोलली माह्याशी."

"विमानानं आली ना आई."

"जावयानं इमानाचं तिकीट काढलं?"

 इंदुमतीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरून आले. देवराम खिडकीकडे वळला.

आईने तिला खाटेवर बसवून घेतलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर ठेवला.

"रडू नको," ती म्हणाली. "हे पोट्टे मले सांगत नाहीत. आता तू सांग, डॉक्टर किती दिवस म्हनते?"

इंदुमतीने सांगितलं.